आम्ही बालेवाडीचे भाडेकरू

आमच्या मेहुण्यांचा आणि फुटबॉलचा प्रत्यक्ष संबंध आयुष्यात एकदाच आला. शाळेच्या मैदानाच्या कडेने डबा घेऊन जात असताना तो त्यांच्या डाव्या कानावर बसला. "तेव्हापासून हा खेळ मला आतून कळतो," असे ते सांगतात. यावर मी काही बोलत नाही. एक तर ते बायकोचे थोरले भाऊ आहेत, आणि दुसरे म्हणजे माझा तर तेवढाही संबंध आलेला नाही.

असे आम्ही दोघे आणि माझा नातू, तेव्हा वय वर्षे दहा, २०१४ सालापासून पाच मोसम बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत जाऊन बसत होतो. आमचा संघ होता एफसी पुणे सिटी. आज तो संघ नाही. बंद पडलेल्या नाटकाचे परीक्षण इतक्या वर्षांनी कोणी लिहीत नाही, हे मला कळते. पण मला परीक्षण संघाचे करायचे नाही, संघाविषयी आमची जी मते होती त्यांचे करायचे आहे. संघ संपला, मते अजून चालू आहेत.

पहिले मत मालकांविषयी झाले, आणि ते संघ जन्माला येण्यापूर्वीच झाले. २०१४ च्या एप्रिलमध्ये इंडियन सुपर लीगच्या आठ संघांचे मालक जाहीर झाले, त्यात पुण्याच्या नावापुढे सलमान खान आणि वाधवान समूह होता. मेहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केले, "भाऊजी, हा मनुष्य वेळेवर येणार नाही." ते खरे ठरले, म्हणजे तो आलाच नाही. स्पर्धा सुरू व्हायच्या आत सलमानच्या जागी हृतिक रोशन आला. मेहुण्यांनी लगेच मत सुधारले, "हा बरा. कवायतीचं अंग आहे." जोडीला इटलीतल्या फिओरेन्तिना क्लबचे सहकार्य होते. २०१७ साली अर्जुन कपूरही भागीदार झाला, तेव्हा आमच्या घरातल्या स्त्रीवर्गाने प्रथमच फुटबॉलविषयी चौकशी केली. या सगळ्यात ज्यांचे पैसे होते त्या वाधवान मंडळींविषयी आमच्यापैकी एकाचेही काही मत नव्हते. गृहकर्जाच्या धंद्यातली माणसे, त्यांच्यावर काय मत असायचे! आमच्या परीक्षणातली ही पहिली घोडचूक. आम्ही पडद्यावर जो दिसतो त्याला मालक समजलो.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. त्या काळी प्रत्येक संघाला एक 'मार्की' खेळाडू लागे. मार्की म्हणजे ज्याचे नाव जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत येते आणि ज्याचे वय कोणत्याच अक्षरांत येत नाही असा. आमच्या वाट्याला डेव्हिड ट्रेझेगे आला. फ्रान्सचा, १९९८ चा विश्वविजेता. २००० साली युरोपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत गोल मारून इटलीला रडवणारा. आणि आमचा प्रशिक्षक फ्रँको कोलोंबा हा इटलीचा! शत्रुपक्षाचा शार्पशूटर आपल्याच छावणीत मुक्कामाला यावा, असा प्रसंग. ट्रेझेगे पेनल्टीच्या चौकाच्या आसपास उभा राही. मी दबकत म्हटले, "दादा, हा फार हलत नाही." मेहुणे म्हणाले, "गाडीच आली नाही तर फलाटावरच्या माणसानं काय करायचं? चेंडू द्या की त्याला!" ते मत फुटबॉलचे पाहता अगदी बरोबर होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. त्याच्यापर्यंत चेंडू नेणारी माणसे जमवण्याऐवजी आम्ही आधी त्याला आणला होता. दिवाणखान्यात झुंबर, आणि घरात विजेची जोडणी नाही.

मग हीच चूक दरवर्षी नव्या नावाने झाली. २०१५ मध्ये इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक आणि रुमानियाचा एड्रियन मुटू मार्की. आठ संघांत सातवे आलो. २०१६ मध्ये अंतोनियो हबास, ज्याने कोलकात्याला पहिले विजेतेपद मिळवून दिले होते. मार्की आइसलंडचा गुडयॉनसन. तो तर एकही सामना खेळण्यापूर्वी जायबंदी झाला, आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. मेहुणे गुडयॉनसनचे नाव पाठ करत होते. ते जमेपर्यंत तो गेला. त्याचे त्यांना अजून वाईट वाटते.

त्याच २०१५ सालच्या लिलावात यूजीनसन लिंगडोह या शिलाँगच्या खेळाडूला आमच्या संघाने १ कोटी ५ लाखांना घेतले. त्या रात्री आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर जी चर्चा झाली, ती फुटबॉलची नव्हती. कोटीवरचे ते ५ लाख वाचवता आले असते का, यावर तिघा निवृत्त बँक अधिकाऱ्यांत रात्री साडेअकरापर्यंत मतभेद होते. मी त्यांतला एक. माझे म्हणणे आजही कायम आहे. वाचवता आले असते.

मला इथे थांबून एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळायचे नाही. माझे बालपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, दोन खोल्यांत, अकरा रुपये भाड्यात गेले. वडिलांनी चाळीस वर्षे मालकाविषयी मते बाळगली. जिन्याची तिसरी पायरी, परसातला नळ, पावसात गळणारे कौल, यांवर ते रोज सकाळी दाढी करताना आरशाशी बोलत. मालकाने एकदा ओसरीला हिरवा रंग लावला तर आठ दिवस जेवण गोड लागले नाही. ते मला कधी विचित्र वाटले नाही, कारण वाडा आमचाच होता. कागदावर नसेल, पण आमचाच. मग एके दिवशी वाडा पाडायचा ठरला, आणि चाळीस वर्षांत वडिलांना एकदाही कोणी काही विचारले नव्हते, हे त्यांच्या त्या दिवशी लक्षात आले.

बालेवाडीत बसून प्रशिक्षकाच्या नावाने खडे फोडताना माझा आवाज हुबेहूब वडिलांसारखा येई, असे सौ. म्हणते. ती कधी सामन्याला आली नाही. दूरदर्शन संचावर तिने तो ओळखला असावा.

प्रशिक्षकांबद्दल आमची मते टिकतच नसत, कारण प्रशिक्षक टिकत नसत. पाच मोसमांत एकाही प्रशिक्षकाने दुसऱ्या मोसमाचा नारळ फोडला नाही. हबास राहणार म्हणता म्हणता मोसमाच्या तोंडावर गेले आणि सर्बियाचे रांको पोपोविच आले. पोपोविचनंतर ब्राझीलचे मार्कोस पाकेता नेमले गेले, ते मोसम सुरू होण्यापूर्वीच निघून गेले. मग मिगेल आंगेल पोर्तुगाल. हे गृहस्थ नावाने पोर्तुगाल आणि देशाने स्पेनचे, त्यामुळे मेहुण्यांचा भूगोल जो विस्कटला तो विस्कटलाच. तीन सामन्यांत त्यांनाही निरोप मिळाला. प्रद्युम्न रेड्डींनी काही दिवस गाडा ओढला, आणि २०१८ च्या डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राउन आले. हेच ते ब्राउन, ज्यांनी २००८ साली हल सिटीच्या खेळाडूंना मध्यंतरात भर मैदानात बसवून, प्रेक्षकांदेखत खरडपट्टी काढली होती. मेहुण्यांना ते एकदम पसंत पडले. "याला पुण्याचं पाणी लागेल," म्हणाले.

पण न्यायाने बोलायचे तर मधला एक मोसम खरोखर सुंदर होता. २०१७-१८. त्या वर्षी मोठ्या नावांचा सोस सुटला होता आणि चेंडू खेळणारी माणसे घेतली होती. दिल्लीकडून मार्सेलिन्यो आला, ईशान्येकडून उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आला. त्यांच्या बाजूने आशिक कुरुनियन नावाचा मलप्पुरमचा पोरगा डाव्या कडेने वाऱ्यासारखा सुटे. हा आशिक मुळात पुणे एफसीच्या अकादमीतला. म्हणजे केरळात जन्मलेला, पण फुटबॉलची मुंज पुण्यात झालेला. नातवाने त्याच्यासारखे केस कापून घेतले. संघ चौथा आला, प्रथमच उपांत्य फेरीत गेला. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बेंगळुरूशी शून्य-शून्य. चार दिवसांनी तिकडे सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल मारले आणि आमचा निकाल लागला. नातू रात्री जेवला नाही. मेहुणे म्हणाले, "पुढल्या वर्षी हाच संघ ठेवला तर चषक आपला." पाच वर्षांतले त्यांचे हे सर्वांत शहाणे मत. अर्थात पुढल्या वर्षी सातवे आलो, दहांत.

आता आशिकसंबंधी जो पुणे एफसीचा उल्लेख आला, त्याविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण तिथे आमचा अपराध आहे. पुणे एफसी हा अशोक पिरामल समूहाने २००७ साली काढलेला क्लब. आय-लीगमध्ये पहिल्याच वर्षी तिसरा, २०१२-१३ साली दुसरा. तिथे अराता इझुमी नावाचा जपानचा खेळाडू होता. वडील गुजराती वंशाचे, म्हणून त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि २०१३ साली तो भारताकडून खेळला. घरातून बालेवाडी रिक्षाने वीस मिनिटांवर असताना आम्ही त्याला पाहायला किती वेळा गेलो? एकदाही नाही. तेव्हा नट नव्हते, आतषबाजी नव्हती, दूरचित्रवाणीवर गाजावाजा नव्हता. २०१५ साली पुणे एफसी आय-लीगमधून बाहेर पडला आणि त्याची अकादमी पुढे एफसी पुणे सिटीकडे आली. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच मोसम खेळून, तळाला राहून मिटला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळला, लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमी चालवली, आणि २०१७ साली तोही गेला. म्हणजे २०१५ च्या पूर्वार्धात ज्या शहराच्या एका मैदानावर दोन आय-लीगचे आणि एक सुपर लीगचा असे तीन संघ नांदत होते, त्या शहरात २०१९ संपता संपता एकही वरच्या लीगचा संघ उरला नाही. एक मालक चुकला तर त्याला दोष देता येतो. चारही बिऱ्हाडे उठतात तेव्हा गल्लीतही काहीतरी असले पाहिजे. क्रिकेटमध्ये तरी काय झाले? सहारांचा वॉरियर्स आला आणि गेला. सुपरजायंट्स दोन वर्षांसाठीच आला, दुसऱ्या वर्षी नावातला 'स' काढून टाकला, आणि २०१७ ची अंतिम लढत एका धावेने हरून गेला. मेहुण्यांच्या मते तो 'स' ठेवला असता तर ती धाव निघाली असती.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या संघाविषयी कुजबुज सुरू झाली. वाधवानांची डीएचएफएल तेव्हा देणी थकवू लागली होती, ते वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर येत होते. आम्ही निवृत्त बँकवाले ते पान रोज वाचतो. वाचले, चर्चाही केली. पण ते पान आणि मागचे खेळाचे पान एकमेकांना चिकटलेले आहे, हे एकाच्याही डोक्यात आले नाही. आम्ही त्या वेळी डाव्या बगलेला कोण हवा यावर बोलत होतो. ऑगस्टमध्ये कळले की संघाची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी, आशिष राय आणि आणखी काही खेळाडू तिकडे. फिल ब्राउनही तिकडे. आशिक त्याच बेंगळुरूला, ज्याने आमचे जेवण बंद केले होते.

नातू तेव्हा पंधराचा. त्याने मला विचारले, "आजोबा, असं नेता येतं? कोणाला न विचारता?"

मी त्याला फ्रँचायझी, परवाना, करार वगैरे समजावून सांगितले. सदतीस वर्षे बँकेत हेच केले. सांगताना माझ्या लक्षात आले की मी त्या वाड्याच्या मालकाच्या वकिलासारखा बोलतो आहे.

मेहुण्यांनी मात्र विषय मनावर घेतला. लंडनच्या विम्बल्डन क्लबचे त्यांनी कुठेतरी वाचले होते. तो क्लब मालकांनी २००३ साली उचलून मिल्टन कीन्सला नेला. त्याआधीच, २००२ मध्ये, चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला होता. मैदानात जाहीर चाचणी घेऊन खेळाडू निवडले, अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि २०११ साली तो क्लब चढत चढत व्यावसायिक लीगमध्ये पोचला. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त असावे असा नियमच आहे. "अहो, साखर कारखाने काढले आपण, दूधसंघ काढले. सहकारी फुटबॉल संघ का नाही?" त्यांनी कट्ट्यावर सभा बोलावली. अकरा माणसे जमली, शुभशकुन म्हणावा असाच आकडा. पण पहिल्या पंधरा मिनिटांत अध्यक्षपदासाठी दोन पॅनेल पडली, आणि भागभांडवल किती या विषयावर येताच चहा संपला. वर्गणी मात्र एकाने विचारली नाही. हेही परीक्षणात नोंदवले पाहिजे. मतांना आमच्याकडे कधीच कमतरता नव्हती, फक्त ती फुकट होती.

याउलट आमचे व्याही. कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. पाटाकडील तालीम मंडळ हा त्यांचा धर्म. एकदा त्यांनी मला शाहू स्टेडियमवर नेले, समोर शिवाजी तरुण मंडळ. गर्दी अशी की मी सामन्यापेक्षा माझी चप्पलच जास्त पाहिली. व्याही आपल्याच बचावपटूला ज्या शब्दांत संबोधत होते ते इथे छापता येणार नाहीत. मी घाबरून म्हटले, "अहो, त्याला ऐकू जाईल!" ते म्हणाले, "जाऊंदे की पाव्हणं! उद्या सकाळी दूध घ्यायला येतंय न्हवं दारात. तवा पुन्यांदा ऐकंल." तिकडेही भांडणे होतात, दगड उडतात, सामने थांबतात, हल्ली तालमी परदेशी खेळाडूही आणतात, सगळे काही सोज्वळ आहे असे नाही. पण खेळाडू घेण्यावरून गल्लीत वाद झाला, तर तो वाद घालणाऱ्याने वर्गणी दिलेली असते. आणि पाटाकडील तालीम उचलून कोणी हैदराबादला नेतो म्हटले, तर त्याला आधी मिरजकर तिकटीवरून बाहेर पडावे लागेल.

२० मार्च २०२२. गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. पहिल्या वर्षी हैदराबाद तळाला राहिले तेव्हा मेहुण्यांनी पेढे आणले होते, हे सांगायला हरकत नाही. आता ते अंतिम फेरीत होते, आणि त्या संघात आमचे निखिल पुजारी आणि आशिष राय अजून होते. आम्ही तिघे संचासमोर बसलो, कोणाच्या बाजूने ते न ठरवता. एक-एक बरोबरी झाली. पेनल्ट्या लागल्या. कट्टीमनीने तीन अडवल्या आणि हैदराबाद विजेते झाले. नातू उडी मारून उठला, मग अर्ध्यात आमच्याकडे पाहून खाली बसला. मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी अठरा सालीच सांगितलं होतं, हाच संघ ठेवा म्हणून." त्या संघातली दोनच माणसे उरली होती, पण मी काही बोललो नाही.

पुढे हैदराबादचेही पैशांचे वांधे झाले, मालक बदलले, आणि २०२५ साली तो संघ स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने दिल्लीला गेला. आमच्या एफसी पुणे सिटीला 'स्टॅलियन्स' म्हणत, घोडा हे त्याचे चिन्ह. पुण्याचे घोडे पूर्वीही दिल्लीला जात, पण ते निदान चौथाई घेऊन परत येत.

दिल्लीची बातमी नातवानेच दाखवली. आता तो एकवीसचा आहे, नोकरी शोधतो आहे. हैदराबाद आणि दिल्ली दोन्हीकडे अर्ज केलेत म्हणाला.

"मामाआजोबा," त्याने मेहुण्यांना विचारले, "आता आपण हैदराबादच्या लोकांसाठी वाईट वाटून घ्यायचं का?"

मेहुण्यांनी चष्मा पुसला. बातमीतला खेळाडूंचा फोटो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला.

"वाईट वाटतंच रे," ते म्हणाले, "पण हा गोलकीपर मला काही बरा दिसत नाही."